कॅलिस्टोगा : नापा खोऱ्यातलं निवांत टोक

बे एरियात मुलांकडे राहायला आलेल्या आई-बाबांना एखाद्या शनिवारी नापा खोरं दाखवायचं, हे आता ठरूनच गेलं आहे. सकाळी गाडीत बसायचं, दोन-तीन वायनऱ्या करायच्या आणि संध्याकाळी दमून परतायचं. वाइन न घेणाऱ्या, गुडघ्यांनी बेजार झालेल्या माणसाच्या वाट्याला यात बसून राहण्यापलीकडे फारसं काही येत नाही. अशांना खोऱ्याच्या उत्तर टोकाला, कॅलिस्टोगाला न्यावं आणि दोन रात्री तिथेच राहू द्यावं.

गाव सॅन फ्रान्सिस्कोपासून साधारण १२० किलोमीटरवर आहे, वस्ती पाच हजारांच्या थोडी वर. लिंकन अव्हेन्यू हा मुख्य रस्ता सपाट आणि आटोपशीर. मुक्काम त्याच्या जवळपास असला की जेवण, कॉफी, दुकानं सगळं पायी होतं. साखळी रेस्टॉरंटांना गावाने मज्जाव केला आहे, त्यामुळे रस्त्याला स्वतःचा चेहरा आहे.

इथे द्राक्षांच्या कितीतरी आधीपासून गरम पाण्याची कीर्ती होती. वाप्पो आदिवासी पिढ्यान् पिढ्या या झऱ्यांवर येत. सॅम ब्रॅननने १८६२मध्ये इथे आरोग्यधाम उभारलं आणि १८६८मध्ये आगगाडी गावात आणली. त्या काळच्या वसाहतीची बारीक कलाकुसरीची प्रतिकृती शार्पस्टीन म्युझियममध्ये आहे. डिस्नेचे अ‍ॅनिमेटर बेन शार्पस्टीन यांनी ते उभं केलं. उन्हाच्या वेळी तासभर घालवायला जागा उत्तम.

गावाची खरी ओळख मात्र चिखलस्नान. ज्वालामुखीची राख आणि गरम खनिजजल, काही ठिकाणी त्यात पीट हे कुजलेल्या शेवाळाचं खतही कालवतात. हौदाच्या काठावर बसायचं, एकेक पाय आत घ्यायचा आणि मागे रेलायचं. चिखल इतका दाट असतो की अंग बुडत नाही, वरच राहतं. मग मदतनीस दोन्ही हातांनी चिखल ओढून गळ्यापर्यंत पांघरतो आणि कपाळावर गार फडकं ठेवतो. दहा-बारा मिनिटांत सांधे सैलावतात. मग शॉवर, खनिजजलाचा टब, वाफ, आणि शेवटी चादरीत गुंडाळून पडून राहणं. खरी कसरत बाहेर निघताना असते, कारण चिखल अंगाला धरून ठेवतो. आधार मागायला अजिबात संकोचू नये. रक्तदाब, हृदयविकार किंवा मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चिखलात उतरू नये, आणि वाइन व चिखल एकाच दुपारी नकोच. पोहण्याचा पोशाख चालतो का, हे मुलांनी आधीच फोन करून विचारावं. आपल्याकडच्या आयांची निम्मी धास्ती तिथेच संपते. चिखल नको असेल तर इंडियन स्प्रिंग्जचा १९१३ सालचा मोठा तलाव आहे, गरम झऱ्यांच्या पाण्यावर चालणारा. वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडं अनुभवलेल्यांना ही ऊब ओळखीची वाटेल.

राखेची दुसरी करामत गावाबाहेर आहे. ३४ लाख वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेलेले रेडवूड वृक्ष इथे दगड होऊन पडले आहेत. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनही १८८०मध्ये ते पाहून गेला. छातीच्या दुखण्याने खंगलेला तो लेखक नवपरिणीत पत्नीसह जवळच्या सेंट हेलेना डोंगरावर, एका ओसाड खाणीच्या आवारात राहिला होता.

वाइनची आवड असणाऱ्यांनी शातो मॉन्तलेना पाहावी. १९७६च्या पॅरिसमधल्या आंधळ्या चाचणीत तिच्या १९७३च्या शार्दनेने फ्रेंच वाइनना मागे टाकलं आणि कॅलिफोर्नियाकडे जगाचं लक्ष गेलं. आपल्या नाशिकच्या ‘सुला’ची घडी बसवतानाही राजीव सामंत यांनी केरी डॅमस्की या कॅलिफोर्नियाच्याच वाइनतज्ज्ञाला हाताशी धरलं होतं.

उन्हाळ्यात दुपारी ऊन कडक असतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षतोडणी पाहायला मिळते, पण वणव्यांचाही तोच हंगाम. २०१७ आणि २०२०मध्ये अख्खं गाव रिकामं करावं लागलं होतं. ज्येष्ठांसाठी माझ्या मते फेब्रुवारी-मार्च उत्तम. वेली उघड्या असतात, पण ओळींमधून पिवळी मोहरी फुललेली असते. शनिवार-रविवार टाळून मंगळवार-बुधवार गाठावा. गर्दी कमी, आणि हौदापाशी मदतनिसालाही घाई नसते.