हॅम रेडिओचं किट जोडताना गाडी नेमकी कुठे अडते?

हैदराबादच्या अशहर फरहान यांचं ‘बिटएक्स’ हे डिझाइन अनेक देशांतले हॅम घरी जोडतात. ऐकायला आणि बोलायला बरेचसे भाग तेच, म्हणून खर्च कमी.

सोल्डरिंग सरावाने जमतं. खरी गोची टोरॉइडची. छोट्या कड्यावर तांब्याची तार मोजून गुंडाळायची. तार कड्याच्या आतून एकदा गेली की एक वेढा. बाहेरून मोजलंत की चुकलात. टोकांवरचं इनॅमल खरवडलं नाही, तर सोल्डर चिकटलेलं दिसतं, पण जोड लागत नाही. (आणि आपण बिचाऱ्या ट्रान्झिस्टरवर संशय घेतो!)

भारतात परीक्षा देऊन सरकारी परवाना मिळाल्याशिवाय ट्रान्समिट करू नका. पहिल्या चाचणीला ५० ओहमचा डमी लोड लावा. काहीच न लावता बटण दाबलंत, तर पॉवर ट्रान्झिस्टर उडू शकतो.