घर मालकाने विकले, दलाली कोणाची?

डोंबिवलीतील वा कोथरूडमधील एखादा गृहस्थ आपली सदनिका विकावयाचे मनात आणतो, तेव्हा कोपऱ्यावरच्या इस्टेट एजंटाशी दोन टक्के दलालीची बोलणी बहुधा जिन्यातच, कागदाचा कपटाही मध्ये न येता, उरकली जातात. मग गिऱ्हाइके येऊ लागतात. कोणी भावावर अडते, कोणी स्वयंपाकघराच्या दिशेवर. आणि महिन्या-दीड महिन्याने त्यांच्यापैकीच एकजण संध्याकाळी एकटाच येऊन, 'मधल्या माणसाचे पैसे उगाच कशाला घालवायचे?' असे हलकेच सुचवितो. इसार दिला जातो, साठेखत होते, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दस्त नोंदला जातो, आणि त्यानंतर एजंटाची नोटीस येऊन थडकते. मालक म्हणतो, घर मी विकले. एजंट म्हणतो, गिऱ्हाईक माझे होते.

या तंट्याचे मूळ १८७२ च्या भारतीय करार कायद्यात शोधावे लागते. त्याचे २१९ वे कलम सांगते की, निराळा ठराव नसेल तर सोपविलेले काम पुरे झाल्यावाचून अभिकर्त्याचा मोबदला देय होत नाही. पण काम पुरे केव्हा झाले म्हणावयाचे? इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे १९४१ साली आलेल्या एका मामल्यात काही चित्रपटगृहांसाठी दलालाने ग्राहक आणला असताही मालकांनी विक्रीच केली नाही. दलाली विक्री पुरी झाल्यावर द्यावयाची असल्याने मालकांनी विकलेच पाहिजे असे बंधन गृहीत धरता येत नाही, असा निर्णय होऊन दलाल रिक्तहस्ते परतला. उलट १९५० साली आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या कलकत्त्याच्या एका घराच्या खटल्यात दलालाने आणलेल्या खरेदीदारांच्याच नियुक्त व्यक्तीला मालकाने घर विकले होते. तेथे दलालाचा हक्क मान्य झाला. मला या दोन निर्णयांत विरोध दिसत नाही. मालकाला विचार बदलण्याची मुभा आहे. दुसऱ्याच्या श्रमाचे फळ घेऊन त्याला दाराबाहेर ठेवण्याची नाही.

कसोटी अशी की, व्यवहार घडून येण्यास प्रभावी कारण कोण झाले. मालकाच्या कचेरीतील सहकारी वा भाचेजावई एजंटाच्या वाऱ्यालाही उभा न राहता घर घेत असेल, तर केवळ एजंटाने जाहिरात दिली होती एवढ्यावर त्याला दलाली मागता येणार नाही. मात्र मालकाने विक्रीचा एकमेव अधिकार ठराविक मुदतीपुरता लिहून दिला असेल, आणि मालकाने स्वतः विक्री केली तरीही दलाली लागू होईल असे त्यात नमूद असेल, तर तो भाचेजावईसुद्धा महाग पडतो. काही मसुद्यांत मुदतीनंतरही अमुक महिने हक्क चालू राहील असे एक वाक्य शेवटच्या परिच्छेदात, बारीक टाइपात, दडलेले असते, आणि सही करणाराची नजर नेमकी तेथवर पोचत नाही!

घर दाखविताना एजंट गिऱ्हाइकाची सही घेतो तो साधा कागद, नाव, तारीख, सदनिकेचा क्रमांक एवढाच मजकूर असलेला, पुढे दिवाणी न्यायालयात पुष्कळ काही बोलतो. व्हॉट्सॲपवरील संदेशही पुराव्यात येऊ शकतात. एकच किल्ली तीन एजंटांना देणाऱ्या मालकाची अवस्था तर सर्वांत बिकट, कारण एकाच गिऱ्हाइकावर तिघेही हक्क सांगतात.

महारेराकडे तक्रार केली की काम भागेल, अशीही एक समजूत आहे. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमातील एजंटांच्या नोंदणीची सक्ती नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीपुरती आहे. जुन्या इमारतीतील पुनर्विक्रीच्या दलालीचा वाद सामान्यतः दिवाणी न्यायालयातच न्यावा लागतो, आणि दाव्याची मुदत तीन वर्षांची असते. म्हणून एजंटाशी व्यवहार थांबविताना त्याने आणलेल्या गिऱ्हाइकांची यादी त्याच्याकडून लेखी घ्या, आणि त्या यादीतील कोणाला घर विकलेत तर त्याची दलाली बिनतक्रार देऊन टाका.