समोर असणं आणि सोबत असणं

आपल्या लोणावळ्याची एक गंमत बघा. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईचे आईबाबा मुलांना घेऊन भुशी डॅमवर येतात आणि नेमके त्याच दिवशी इथल्या मुलांचे आईबाबा चिक्कीच्या दुकानात, हॉटेलात, रिक्षावर असतात. तिकडे तळेगावच्या एमआयडीसीत शिफ्ट. मग पालक विचारतात, "आम्हाला वेळच नाही. मुलाच्या मनावर परिणाम होईल का हो?"

यासाठी एक प्रयोग सांगतो. १९७० च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने तो केला. आई आधी बाळाशी नेहमीसारखी खेळते. मग दोन-तीन मिनिटं समोरच बसते, पण चेहरा निर्विकार. बाळ हसतं, हात पुढे करतं, आवाज काढतं. काहीच प्रतिसाद येत नाही म्हटल्यावर नजर फिरवतं, रडू लागतं. म्हणजे आई समोर होती, सोबत मात्र नव्हती. मोबाइलमध्ये मान घातलेले आपण घरात असेच असतो ना?

लहान मुलाला आपली भीती, आपला राग एकट्याने आवरता येत नाही. कुणीतरी जवळ घेतं, "घाबरलास ना?" म्हणतं, भावनेला नाव देतं. असं पुन्हा पुन्हा घडलं की मूल हळूहळू स्वतःला सावरायला शिकतं. सहभाग म्हणजे हा. नुसतं दप्तर तपासणं आणि "मार्क किती?" विचारणं म्हणजे सहभाग नव्हे, ती देखरेख झाली.

आणि दिलासा देणारी गोष्ट अशी, की चांगल्या आई-बाळाचे सूरही प्रत्येक क्षणी जुळत नाहीत. ते सुटतात आणि पुन्हा जुळतात. हे पुन्हा जुळणंच महत्त्वाचं. थकून आलात, मुलावर ओरडलात, तर नंतर जवळ बसून सांगा, "मी चिडलो होतो, चूक तुझी नव्हती."

दुकान बंद करून घरी आलात की दहा मिनिटं फोन बाजूला ठेवा. प्रश्न कमी विचारा, मूल सांगेल ते ऐका. आजी-आजोबा सांभाळत असतील तर त्यांनाही हे सांगा.

मात्र मूल आठवडेच्या आठवडे गप्प राहत असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, खेळणं सुटलं असेल, तर थांबू नका. डॉक्टरांना दाखवा. सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांकही आहे. मदत मागणारा पालक कमी पडलेला नसतो. तोही मुलाच्या हाकेला ओ देत असतो.