जाळे माशाला अडवते, पाण्याला नाही

मुंबईच्या बाजारात रावसाला ‘इंडियन सॅमन’ असे एक इंग्रजी नाव चिकटले आहे. रावस चवीला उत्तम, पण सॅमनचा तो कोणी लागत नाही. दोघांची कुळे वेगळी आणि जगण्याच्या रीती त्याहून वेगळ्या. खरा सॅमन थंड प्रदेशातला. त्याच्या अनेक जातींपैकी अटलांटिक सॅमन (शास्त्रीय नाव साल्मो सलार) ही या लेखातली जात. नॉर्वे, स्कॉटलंड, आयर्लंड, आइसलंड, कॅनडाचा पूर्व किनारा अशा ठिकाणच्या नद्यांत तो जन्मतो. आज दुकानांत मिळणारा अटलांटिक सॅमन मात्र जवळजवळ सगळा पाळलेला असतो. एकटा नॉर्वे वर्षाला सुमारे १५ लाख टन सॅमन पाळून विकतो.

याच नॉर्वेने जून २०२४ मध्ये, मासेमारीचा हंगाम चालू असताना, ३३ नद्यांमध्ये सॅमन पकडण्यास बंदी केली. समुद्रातून नदीत परतणारे मासे फारच थोडे होते. निसर्गात वाढणाऱ्या या माशांना आपण ‘मुक्त सॅमन’ म्हणू. एकाच देशात, एकाच जातीच्या माशाचा एकीकडे सुकाळ आणि दुसरीकडे दुष्काळ. पाळलेला मासा भरपूर मिळू लागला की मुक्त माशावरचा ताण कमी व्हायला हवा, असे आपल्याला वाटते. मग तसे का झाले नाही? उत्तर शोधताना शाळेतल्या जीवशास्त्राचे बरेच धडे एकत्र वाचावे लागतात.

नदी, समुद्र आणि पुन्हा नदी

हिवाळ्याच्या तोंडावर सॅमनची मादी नदीच्या तळाशी शेपटीने गोटे उकरून खळगा करते आणि त्यात अंडी घालते. वसंतात पिल्ले बाहेर पडतात. पुढची एक ते पाच वर्षे ती नदीतच किडे खाऊन वाढतात. मग एका वसंतात त्यांच्या शरीरात मोठा बदल होतो. अंगावरचे ठिपके झाकले जाऊन चंदेरी चमक येते आणि कल्ल्यांचे काम उलटे होते. गोड्या पाण्यात शरीरातले क्षार सतत बाहेर झिरपतात, म्हणून कल्ले पाण्यातून क्षार आत ओढतात. समुद्रात मासा खारे पाणी पितो, तेव्हा कल्ल्यांना जादा क्षार बाहेर टाकावे लागतात. या बदलासाठी तयार झालेल्या, वीतभर लांबीच्या पिल्लाला ‘स्मोल्ट’ म्हणतात. स्मोल्ट समुद्रात उतरतात, नॉर्वेजियन समुद्र किंवा ग्रीनलंडपर्यंत जातात, एक ते तीन वर्षे भरपूर खाऊन कित्येक किलोंचे होतात आणि अंडी घालायला परततात. तेही बहुधा आपण जन्मलो त्याच नदीत.

नदी ओळखायची कशी? अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे आर्थर हास्लर यांनी १९५१ साली असे सुचवले की प्रत्येक नदीच्या पाण्याला स्वतःचा वास असतो आणि पिल्लू तो वास लक्षात ठेवते. १९७० च्या दशकात त्यांच्या गटाने याची परीक्षा घेतली. कोहो या दुसऱ्या जातीच्या सॅमनची पिल्ले त्यांनी मॉर्फोलिन या रसायनाचा अगदी थोडा अंश असलेल्या पाण्यात वाढवली आणि मिशिगन सरोवरात सोडली. मासे मोठे झाल्यावर एका ओढ्यात मॉर्फोलिन मिसळत ठेवले. ते मासे त्याच ओढ्याकडे आले.

मासे आपापल्या नदीतच परतत असल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या प्रत्येक नदीचे वाण वेगळे घडत गेले. कुठे प्रवाह जोराचा, तर कुठे पाणी फार गार. जिथे जे गुण टिकून राहायला उपयोगी, तिथे ते रुजले. नैसर्गिक निवडीचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडते.

पिंजऱ्यातली शेती

१९७० साली नॉर्वेतील हित्रा बेटावर ग्रोन्टवेट बंधूंनी समुद्रात तरंगत्या जाळीच्या पिंजऱ्यात सॅमन यशस्वीपणे वाढवले. लगोलग नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी सुमारे ४० नद्यांमधून सॅमन गोळा करून निवड पद्धतीने पैदास सुरू केली. जे मासे लवकर वाढतात त्यांची अंडी पुढच्या पिढीसाठी ठेवायची, हे तत्त्व गहू-ज्वारीच्या वाणांइतकेच जुने. दर पिढीला वाढीचा वेग सुमारे १० ते १५ टक्क्यांनी सुधारत गेला.

नॉर्वेचा किनारा फियॉर्डांनी, म्हणजे जमिनीत खोलवर शिरलेल्या अरुंद खाड्यांनी भरलेला आहे. तेथे लाटांचा मारा कमी असतो आणि भरती-ओहोटीमुळे पाणी हलते राहते. गोलाकार पिंजरा टाकायचा. त्यात नॉर्वेच्या नियमाप्रमाणे दोन लाखांपर्यंत मासे ठेवता येतात. ताजे पाणी प्राणवायू आणते आणि मलमूत्र व उरलेले खाद्य घेऊन जाते. यासाठी पंप लागत नाही, की गाळणी लागत नाही.

या धंद्याचा स्वस्तपणा असा वाहत्या पाण्यात आहे आणि त्याची अडचणही तेथेच आहे. पिंजऱ्याची भिंत म्हणजे एक जाळे. ते माशाला अडवते, पाण्याला अडवत नाही. पाण्याबरोबर जे जे जाऊ शकते ते सर्व आरपार जाते.

उवांचे गणित

सॅमनच्या अंगावर समुद्री ऊ नावाचा परजीवी असतो. आपल्या डोक्यातल्या उवेशी तिचे नाते नाही. कोळंबी-खेकड्यांच्या कवचधारी वर्गातली ती आहे. माशाची त्वचा आणि श्लेष्मा खाऊन ती जगते. ही ऊ माणसाने आणलेली नाही, ती सॅमनची फार जुनी सोबतीण आहे. पण निसर्गात या दोघांमध्ये वेळापत्रकाचे एक कुंपण होते. मोठे सॅमन अंगावर उवा घेऊन नदीत शिरले की गोड्या पाण्यात उवा गळून मरतात. वसंतात कोवळे स्मोल्ट समुद्राकडे निघतात तेव्हा बहुतेक मोठे मासे दूर खोल समुद्रात असतात. साहजिकच किनाऱ्यालगत उवा थोड्या आणि पिल्ले बऱ्यापैकी सुरक्षित.

पिंजऱ्यांनी हे कुंपण मोडले. आता स्मोल्टांच्या वाटेवरच बारा महिने मोठे मासे असतात. पाच-सहा किलोच्या माशाला दहा उवा म्हणजे त्रास. वीस ग्रॅमच्या स्मोल्टला तेवढ्याच उवा म्हणजे बहुधा मरण.

नॉर्वेत यावर कडक नियम आहे. पिंजऱ्यातल्या माशांवर पूर्ण वाढलेल्या मादी उवांची सरासरी माशामागे ०.५ पेक्षा कमी हवी; स्मोल्ट बाहेर पडण्याच्या काळात ०.२ पेक्षा कमी. दोन माशांमागे एक किंवा पाच माशांमागे एक ऊ ऐकून आपण निश्चिंत होतो. पण येथे एक गुणाकार करायला हवा. नॉर्वेच्या पिंजऱ्यांत एका वेळी सुमारे ४० कोटी सॅमन असतात. ४० कोटी गुणिले ०.२ म्हणजे ८ कोटी! ही नियमात बसणारी कमाल संख्या आहे, प्रत्यक्षातली कमी असेल. पण यातली प्रत्येक मादी शेकडो अंडी घालते आणि अंड्यांतून निघालेल्या अळ्या प्रवाहाबरोबर दूरवर जातात. समुद्रातून वर्षाला परतणारे मुक्त सॅमन मात्र पाच लाखांच्या आसपास किंवा त्याहून कमी आहेत. सरासरी लहान असली तरी बेरीज प्रचंड असू शकते, हा गणिताच्या तासाला सांगण्यासारखा मुद्दा आहे.

उवांवर औषधे वापरली, तर त्यांना न जुमानणाऱ्या उवांची पैदास वाढली. डासांच्या आणि डीडीटीच्या बाबतीत आपण जे पाहिले तेच येथे घडले. आता कोमट पाण्याने, फवाऱ्याने किंवा ब्रशने उवा काढतात. हे माशांना सोसवत नाही. रोग, जखमा आणि अशी हाताळणी मिळून २०२३ साली नॉर्वेच्या पिंजऱ्यांत ६ कोटींहून अधिक सॅमन मेले. विषाणूंचेही तसेच. चिलीमध्ये सॅमन मुळात नव्हताच. तेथे तो पाळायला नेला. २००७ मध्ये तेथील पिंजऱ्यांत सॅमनला रक्तक्षय करणाऱ्या विषाणूची साथ आली आणि २०१० पर्यंत अटलांटिक सॅमनचे उत्पादन सुमारे एक-तृतीयांशावर आले. दाटीवाटीने वाढवलेल्या एकाच वाणाला रोग लागला की काय होते, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

पळालेला मासा

जाळे माशाला अडवते असे म्हटले, पण तेही नेहमी नाही. वादळाने किंवा बोटीच्या पंख्याने जाळी फाटते. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सायप्रस बेटाजवळचे पिंजरे मोडून सुमारे अडीच लाख अटलांटिक सॅमन प्रशांत महासागरात शिरले. तेथे ते परके होते, मुक्त नातेवाईक जवळ नव्हते. नॉर्वेत मात्र पळालेला मासा सरळ नदीत शिरतो आणि तेथल्या माशांशी त्याचा संकर होतो.

संकर झाला तर काय बिघडले? आयर्लंडच्या पश्चिमेकडील बरिशूल या नदीत शास्त्रज्ञांनी पाळीव, मुक्त आणि संकरित पिल्लांची पूर्ण आयुष्ये तपासली. पाळीव आईबापांच्या पिल्लांचे आयुष्यभराचे यश मुक्त पिल्लांच्या अवघे २ टक्के निघाले. संकरित पिल्ले या दोहोंच्या मध्ये होती. नदीत असताना पाळीव पिल्ले भराभर वाढून मुक्त पिल्लांना चांगल्या जागांवरून हुसकावतात आणि पुढे समुद्रात स्वतःच मरतात. म्हणजे जागाही गेली आणि मासाही गेला. पिंजऱ्यात दाण्यावर तुटून पडणारा मासा गुणी ठरतो. नदीत पक्ष्याची सावली पडताच लपणारा ठरतो. माणसाची निवड आणि निसर्गाची निवड येथे विरुद्ध दिशांना ओढतात. नॉर्वेत तपासलेल्या नद्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश नद्यांच्या सॅमनमध्ये पाळीव जनुकांचा अंश आढळला आहे. तेल सांडले तर काही वर्षांनी ओसरते. जनुके मिसळली की वेचून काढता येत नाहीत.

खाद्य कोठून येते?

आपल्याकडे तळ्यात पाळतात ते रोहू, कटला, मृगळ बहुतांशी पाण्यातले सूक्ष्म जीव, शेवाळ व वनस्पती यांवर वाढतात. सॅमन शिकारी आहे. गाय पाळणे आणि वाघ पाळणे यांत जो फरक, तोच येथे. अन्नसाखळीत वरच्या पायरीवरचा प्राणी पाळायचा तर खालच्या पायऱ्यांवरचे पुष्कळ अन्न लागते. १९९० साली नॉर्वेतल्या सॅमनच्या खाद्यात सुमारे ९० टक्के भाग मासळीची भुकटी व मासळीच्या तेलाचा होता. यासाठी पेरूच्या किनाऱ्यावरील अँचोव्हेटासारखे लहान मासे पकडले जातात. २०२० पर्यंत हा भाग सुमारे २२ टक्क्यांवर आला. ही खरी सुधारणा आहे, पण त्या जागी आला सोयाबीन आणि इतर शेतमाल. ओझे समुद्रावरून काही अंशी जमिनीवर सरकले.

मग करायचे काय?

सॅमनच्या ऱ्हासाचे सगळे खापर पिंजऱ्यांवर फोडणे बरोबर होणार नाही. धरणांनी नद्या अडवल्या. १९७१ साली ग्रीनलंडजवळ अडीच हजार टनांहून अधिक सॅमन पकडले गेले. अशी मासेमारी आवरण्यासाठी १९८३ पासून आंतरराष्ट्रीय करार अमलात आहे. समुद्र तापतो आहे आणि तेथे जगून परतणाऱ्या माशांचे प्रमाण घटले आहे. डिसेंबर २०२३ मध्ये अटलांटिक सॅमनची नोंद जागतिक यादीत ‘धोक्याच्या जवळ’ या वर्गात झाली. २००६ ते २०२० या काळात त्याची संख्या २३ टक्क्यांनी घटली होती. पण आधीच अशक्त झालेल्या माणसाला डास चावणे आणि धडधाकट माणसाला चावणे यांत फरक असतो. समुद्राचे तापमान एका देशाच्या हातात नाही. पिंजरा कोठे आणि कसा टाकायचा हे असते.

नॉर्वेने २०१७ पासून किनाऱ्याचे १३ विभाग करून वाहतुकीच्या दिव्यांसारखी पद्धत आणली. उवांमुळे मुक्त स्मोल्ट फार मरत असतील तर लाल दिवा आणि उत्पादनात ६ टक्के कपात. हिरवा असेल तर तेवढीच वाढ. कॅनडा सरकारने ब्रिटिश कोलंबियात जून २०२९ अखेर उघड्या जाळ्यांचे पिंजरे बंद करण्याचे २०२४ मध्ये जाहीर केले. बंद टाक्यांत किंवा जमिनीवर पाणी गाळून पुन्हा वापरण्याचे प्रयोगही चालू आहेत. त्यांना वीज लागते, भांडवल लागते आणि मासा महाग पडतो. आतापर्यंत वाहते पाणी फुकट करत असलेल्या कामाची ती किंमत आहे. किनाऱ्यावरच्या गावांचा रोजगार या धंद्यावर आहे, म्हणून हा प्रश्न घोषणांनी सुटत नाही.

आपल्या धरणांच्या जलाशयांतही आता पिंजरे टाकून मत्स्यपालन होते. मासा वेगळा, पाणी वेगळे. नॉर्वेचे निष्कर्ष जसेच्या तसे येथे लावता येणार नाहीत. पण प्रश्न तेच लावता येतात. शाळेजवळ असा जलाशय असेल तर मुलांना घेऊन तेथल्या मत्स्यपालकांना भेटावे. मासा इथलाच आहे की बाहेरचा? खाद्य कशाचे आहे? पिंजऱ्याखाली काय साचते? रोग आला तर औषध कोठे जाते? जाळे फाटले तर मासा कोठे जाईल? उत्तरे मुलांनी वहीत लिहून ठेवावीत आणि पुढच्या वर्षी पुन्हा जाऊन विचारावीत.