वाकडा हात आणि आजीची पहारेदारी

१९६७ साली, वयाच्या आठव्या वर्षी, वडीगोद्रीच्या आमच्या घराच्या माळवदावरून मी पडलो आणि उजवा हात मनगटाच्या किंचित वर मोडला. अंबड तालुका तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होता. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. गावात क्ष-किरणाची सोय नव्हती, म्हणून शेजारच्या गावचे हाडवैद्य आले.

त्यांनी लेपासाठी उडदाचे पीठ आणि अंडे मागितले. आजीने शांतपणे सांगितले, “अंडे या उंबऱ्याच्या आत यायचे नाही.” वैद्यबुवा हसले. उडदाच्या पिठात डिंक कालवून त्यांनी लेप दिला, वर बांबूच्या कामट्या घट्ट बांधल्या. बोटांची टोके उघडी ठेवण्याचा आग्रहही आजीचाच. ती दर प्रहरी त्यांना हात लावून पाही. दुसऱ्या दिवशी बोटे सुजून निळसर झाली, गार पडली. वैद्याची वाट न पाहता तिने गाठी सोडल्या. वैद्यबुवा रागावले खरे, पण नंतर सैल बांधले.

महिन्याभरात हात जडला, मात्र वाकडा. नवल पुढेच घडले. दोन वर्षांत तो आपोआप सरळ झाला. कोणी लेपाचे गुण गायले, कोणी आजीने केलेल्या तेल्याचे. पुढे बँकेत आयुष्यभर याच हाताने सह्या केल्या.

अस्थितज्ज्ञ याचे कारण वेगळे सांगतात. मुलांच्या हाडांच्या टोकांशी वाढीचा कोवळा थर असतो. मोड त्याच्या जवळ असेल आणि वाढीची वर्षे शिल्लक असतील, तर हाड वाढता वाढता स्वतःला पुन्हा घडवते. मनगटाजवळ ही शक्ती मोठी, कोपराजवळ अल्प. पिळून जडलेले हाड मात्र असे सुटत नाही. लेपात अंडे असते तरी फरक पडला नसता.

मग आजीच्या पहाऱ्याचे मोल काय? माझ्या मते सर्वांत अधिक. घट्ट बंधनाने सूज आणि वेदना होतात, हे सुश्रुतसंहितेत स्पष्ट सांगितले आहे. ऋतुमानानुसार तीन, पाच वा सात दिवसांनी बंध बदलावा, असेही त्यात आहे. १८८१ मध्ये जर्मन शल्यविशारद रिचर्ड फॉन फोल्कमान यांनी आवळलेल्या बंधनामुळे रक्तपुरवठा तुटून स्नायू कायमचे आखडतात, असे दाखवले. प्लास्टरखालीही हेच घडू शकते. बोटे गार, फिकट वा बधिर झाली, ती सरळ करताना मूल किंचाळू लागले, तर अवधी काही तासांचाच असतो. सकाळपर्यंत थांबणे म्हणजे हात गमावणे ठरू शकते.

मोडलेला हात पूर्ववत होणे सर्वांच्याच वाट्याला येत नाही. सांगली जिल्ह्यातील करगणीचे सचिन खिलारी शाळेत असताना सायकलवरून पडले. हाताचे हाड मोडले आणि त्यात गँगरीन झाले. अनेक शस्त्रक्रियांनंतरही तो हात पहिल्यासारखा झाला नाही. पुढे ते अभियंता झाले, गोळाफेकीकडे वळले आणि ४ सप्टेंबर २०२४ रोजी पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळवले.