श्वासाचे सूक्ष्म रक्षक
'सातमासी जगतें, आठमासी जगत नाहीं' ही समजूत आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. ती निराधार आहे. फुप्फुसांतील वायुकोशांना आंतून सर्फॅक्टंट नांवाचा स्निग्ध थर असतो. तो अपुरा असल्यास श्वास सोडतांच कोश मिटतात. हा थर गर्भाच्या अखेरच्या महिन्यांत परिपक्व होतो; म्हणून पोटांतील प्रत्येक जास्त दिवस लाभाचाच. त्यांतील चार प्रथिनांपैकीं 'बी' व 'सी' थर पसरवितात. 'ए' व 'डी' रोगजंतूंस चिकटून त्यांना भक्षक पेशींच्या स्वाधीन करतात. १९८० सालीं जपानांत फुजिवारा यांनीं गाईच्या फुप्फुसांतून काढलेलें हें द्रव्य अकालजात अर्भकांच्या श्वासनलिकेंत सोडून त्यांचा श्वास सावरला. तेव्हां आठमासी बालकाची आशा न सोडतां त्यास सत्वर इस्पितळांत न्यावें, हेंच वाचकांस आमचें सांगणें.