आदिवासींचा निधी आणि ‘त्याही बहिणीच’

मे २०२५ मध्ये महिलांना दरमहा रोख रक्कम देणाऱ्या ‘लाडकी बहीण’ योजनेसाठी आदिवासी विकास विभागाचे ३३५.७० कोटी आणि सामाजिक न्याय विभागाचे ४१०.३० कोटी रुपये वळवले गेले. सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. सरकारची बाजू अशी की, लाभार्थींमध्ये आदिवासी आणि दलित महिला आहेतच, मग निधी गेला कुठे? हा युक्तिवाद पटकन पटतो, कारण त्यातलं विधान खरं आहे. पण सर्वांसाठीच्या योजनेत आदिवासी महिलेला जे मिळणारच होतं, त्याचा खर्च तिच्या राखीव वाट्यातून भागवला, तर त्या वाट्याने जादा काय दिलं? सुकथनकर समितीच्या शिफारशीनंतर महाराष्ट्राने लोकसंख्येच्या प्रमाणात आदिवासींचा हा निधी वेगळा काढायला सुरुवात केली, ती सर्वसाधारण खर्चाच्या वर काहीतरी मिळावं म्हणून.

रोख रक्कम थेट खात्यात जाते, मध्ये कुणी खात नाही, हा आक्षेप वजनदार आहे आणि पैसे कशावर खर्चायचे हे बाईलाच उत्तम कळतं, हेही मान्य. मात्र रोख रकमेने सगळंच भागत नाही. पालघर जिल्ह्याचं उदाहरण घ्या: तिथे सुमारे ३७ टक्के लोक आदिवासी आहेत. तिथल्या जव्हार-मोखाड्यातल्या बाईला महिना दीड हजारात आश्रमशाळेचा शिक्षक नेमता येत नाही, की पाड्यापर्यंत रस्ता करता येत नाही. त्याच जिल्ह्यातल्या तारापूरच्या कारखान्यांमुळे उत्पन्नाची जिल्हा सरासरी बरी दिसते. मोखाड्याला त्या सरासरीचा काही उपयोग नाही. रोख मदत जरूर द्यावी, पण तिचा भार सर्वसाधारण तिजोरीने उचलावा.